ट्रॉलीच्या टायरला कोण विचारतो?

दिवाळीच्या आगेमागे मार्गासनीच्या फाट्यावरून जाणाऱ्या गाड्यांची उंची वाढते. भाताची कापणी-झोडणी उरकत आलेली असते आणि पेंढा हलू लागतो. केबिनच्या वर आणखी एक केबिन मावेल इतका उंच रचलेला, दोरांनी आवळलेला आणि तरीही दोन्ही अंगांनी रस्त्यावर झुकलेला पेंढा घेऊन पिकअप नसरापूरकडे निघतात. मागून भाताची पोती आणि दुधाचे कॅन येतात. उलट दिशेने, म्हणजे वेल्ह्याकडे, खडी, सिमेंट आणि सळई चढत असते, कारण खोऱ्यात बांधकामांचा हंगामही पाऊस उघडल्यावरच सुरू होतो. फाट्यावरून एक रस्ता साखर-गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी जातो, तर दुसरा विंझरवरून वेल्ह्याला. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण बोलण्यात अजून वेल्हंच येतं. शनिवार-रविवारी या सगळ्यात गडावर निघालेल्यांच्या मोटारी घुसतात आणि अरुंद रस्त्यावर कोणी कोणाला बाजू द्यायची याचा रोजचा तंटा सुरू होतो.

पावसाळ्यात या रस्त्यावरच्या गाड्यांना चिखल आणि पाणी छळतं, हिवाळ्यात छळतं ते वजन. म्हणून ‘हिवाळ्यासाठी टायर कोणता घ्यावा’ हा प्रश्न इथे विचारला, तर त्याचा अर्थ थंड देशांतल्यापेक्षा अगदी निराळा होतो.

तिकडचा अर्थ आधी पाहून घेऊ. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड सुटते. म्हणून तिथे मऊ रबराचे, बारीक चिरांच्या नक्षीचे वेगळे टायर असतात आणि त्यांच्या बाजूवर तीन सुळक्यांचा डोंगर व त्यात हिमकण असा शिक्का असतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च असे टायर लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जर्मनीत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांत ऐन दिवाळीच्या सुमाराला गॅरेजची वेळ घेऊन टायर बदलून आणणं हे सणाच्या खरेदीइतकंच ठरलेलं काम असतं. आपल्या देशात बर्फाचे रस्ते लडाख, काश्मीर, हिमाचलात आहेत आणि तिथेही ट्रकवाले बहुधा चाकाला साखळ्या बांधून वेळ निभावतात.

मार्गासनीत पहाटे पारा दहा-बारावर आला तरी दुपारी तो पुन्हा तीसच्या आसपास जातो. तो हिमकणाचा टायर इथे आणून लावला, तर डांबरावर काही महिन्यांत झिजेल. इथे हिवाळा टायरच्या रबराची परीक्षा पाहत नाही. चार महिने खड्ड्यांतून, पाण्यातून, खडीवरून धावून दमलेला टायर आणि त्याच्यावर वर्षातलं सर्वांत जास्त वजन, असा इथला मामला आहे. आणि त्या वजनाचा मोठा भाग इंजिनाच्या गाडीवर नसतो, तो मागे जोडलेल्या ट्रॉलीवर असतो.

टायर विकत घेताना बहुतेक जण नक्षी पाहतात आणि भाव विचारतात. बाजूवर उमटवलेले आकडे वाचणारे थोडे. ट्रकच्या नेहमीच्या टायरवर 10.00R20 असं लिहिलेलं असतं: रुंदी 10 इंच, रिंग 20 इंचांची आणि मधला ‘आर’ रेडियलचा. ‘आर’च्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो जुन्या पद्धतीचा, ज्याला गाडीवाले ‘नायलॉन’ म्हणतात. शेजारी 146/143के असे अक्षर-आकडे दिसतील. खरी मेख यांतच आहे. 146 म्हणजे हा टायर एकटा बसवला तर 3000 किलो पेलतो. 143 म्हणजे जोडीने बसवला तर प्रत्येकी 2725 किलो. ‘के’ म्हणजे ताशी 110 किलोमीटरपर्यंत. जोडीत वजन कमी का धरायचं? दोन टायर कधीच अगदी सारखे नसतात. एक थोडा जास्त फुगलेला, एक थोडा जास्त झिजलेला असतो, आणि वजन नेहमी त्यातल्या उंच टायरवर आधी येतं.

आता साधा गुणाकार करा. पुढची दोन चाकं मिळून 6000 किलो, मागची चार मिळून 10,900. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला जुना नियम पुढे 6 टन आणि मागे 10.2 टन असा होता. म्हणजे टायर आणि कायदा एकमेकांना धरून होते, फारशी ढिलाई ठेवलेली नव्हती. जुलै 2018 मध्ये केंद्राने या मर्यादा वाढवल्या आणि पुढच्या अ‍ॅक्सलला 7 टन, मागच्याला 11.5 टन झाले. गाडीमालकांनी स्वागत केलं आणि ते साहजिक होतं, कारण इतकं वजन ते आधीपासून नेतच होते. पण कागदावर मर्यादा वाढली म्हणून दारात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरचा 146 काही वाढला नाही. जास्त वजनाला जास्त आकड्याचा टायर लागतो, ही गोष्ट त्या आनंदात अनेकांच्या नजरेतून सुटली. छोट्या पिकअपचं तर विचारूच नका. माल जास्त भरता यावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, सरळ उभी राहते आणि चालकाला वाटतं की पेलतंय. पाटे वाढवता येतात, टायरच्या बाजूवरचा आकडा वाढवता येत नाही.

शिवाय वजन खरं तर टायर पेलत नाही, त्यातली हवा पेलते. 3000 किलो हा आकडा हवा पूर्ण असेल तरच खरा. ट्रकच्या टायरला प्रकाराप्रमाणे 105 ते 120 पौंड हवा लागते, आणि ती टायर थंड असताना मोजायची असते. इथे हिवाळा खरोखरच आडवा येतो. मे महिन्याच्या दुपारी 110 भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, पंचवीसएक अंशांनी तापमान उतरल्यावर, काहीही गळती नसताना शंभरावर आलेली असते. त्यात ट्यूबची नेहमीची झिरप मिळवा. टायर दबलेला, वजन चढलेलं. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या भिंती वाकतात, वाकून तापतात, आणि तापलेले थर सुटू लागतात. टायर फुटतो तो दुपारी महामार्गावर, पण त्याचं कारण पहाटे फाट्यावरच घडलेलं असतं.

हवा तपासायची जुनी रीत म्हणजे टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकणं. सरावलेल्या कानाला पंक्चर टायर लगेच कळतो यात शंका नाही. जोडचाकातला आतला टायर बसला असेल तर तो शोधायला ही रीत उत्तमच. पण 110 आणि 90 यांतला फरक टॉमी सांगत नाही, कितीही मुरलेला चालक असो. त्यासाठी मीटरच हवा, आणि ट्रकच्या एका टायरच्या तुलनेत मीटरची किंमत काहीच नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला नळी जोडून तो बाहेर आणून घेणं हा आणखी एक स्वस्त इलाज आहे. तो नसला की आतल्या टायरची हवा महिनोन्‌महिने कोणी बघत नाही, कारण हात पोचत नाही.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि पाठोपाठ टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. बोट लगेच सिमेंटच्या रस्त्याकडे दाखवलं गेलं. रस्ता तापतो हे खरं आहे, पण त्याच रस्त्याने हजारो धड टायर रोज पार होतात. प्रवेशाच्या ठिकाणी परिवहन खात्याने गाड्या थांबवून टायर तपासायला सुरुवात केली, तेव्हा झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जो गोटा टायर वर्षभर चालतो, तोच सलग दोन तास शंभरने पळवला की आपलं वय सांगतो.

वय सांगायची तशी लेखी सोयही असते. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालातल्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असलेला, पण सात-आठ वर्षं गोडाऊनमध्ये किंवा स्टेपनी म्हणून उन्हात पडलेला टायर ‘नव्यासारखा’ म्हणून विकला जातो. बोट दाबून भिंतीवरच्या केसासारख्या चिरा बघाव्यात. झीज ओळखायला खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात आणि त्यांची उंची 1.6 मिलिमीटर असते. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला.

नायलॉन की रेडियल, हा वाद आता बराचसा मिटला आहे, तरी खोऱ्यात तो अजून अधूनमधून पेटतो. रेडियल कमी तापतो, जास्त धावतो, डिझेल वाचवतो. पण त्याची भिंत पातळ असते. दगडाचा धारदार कोपरा भिंतीत घुसला तर काम खलास. नायलॉनची भिंत जाड, मार खाणारी, आणि जास्त वजन सहन करते अशी त्याची ख्याती. म्हणून खडीच्या खाणीवर जाणारा डंपर आणि मुंबई-बंगळूर महामार्गावर धावणारा ट्रक यांनी एकच टायर वापरणं शहाणपणाचं नाही. नसरापूरपासून महामार्गावर चढून पुण्याला रोज फेरी मारणाऱ्याला रेडियलच परवडतो. कच्च्या रस्त्याने वाडीवस्तीपर्यंत वीट-वाळू नेणाऱ्याने नायलॉन घेतला तर त्याला मागासलेला म्हणण्याचं कारण नाही. एकच पथ्य पाळावं: एका अ‍ॅक्सलवर दोन्ही प्रकार मिसळू नयेत. ते वजनाखाली वेगवेगळे दबतात आणि गाडी वळणावर एकीकडे खेचली जाते.

नक्षीचंही तसंच आहे. सरळ पट्ट्यांची नक्षी पुढे बसवायची, कारण ती गाडी दिशेला धरून ठेवते. आडव्या जाड गोट्यांची नक्षी मागे, कारण ओढायचं काम तिथे असतं. पाबे घाटासारख्या चढावर पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी काढताना मागच्या गोट्यांची किंमत कळते आणि उतरताना पुढच्या पट्ट्यांची. हे सगळे चालक जाणतात. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

गाडीवर टायरची एक उतरंड असते. नवा टायर पुढे बसतो. थोडा झिजला की मागे जातो. तिथे झिजला की रिमोल्डला जातो, नवी नक्षी चिकटवून पुन्हा मागे येतो. तिथूनही उतरला की स्टेपनी होतो. आणि जो स्टेपनी म्हणूनही ट्रकवाल्याला नको असतो, तो ट्रॉलीला लागतो. पुढे नवा टायर बसवण्यात चूक नाही. पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातातून जातं, तेव्हा पुढे रिमोल्ड बसवूच नये. रिमोल्डही वाईट नसतो, मूळ सांगाडा धड असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झालं असेल तर मागे तो इमानेइतबारे धावतो. खटकतं ते शेवटच्या पायरीचं. ‘मागं काय, नुसतं तर फिरायचंय’ हे वाक्य या व्यवसायात इतक्या सहज निघतं की त्यात चूक काय हे सांगताना आपणच वेडे ठरतो.

ट्रॉलीचं चाक नुसतं फिरत नाही. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर घ्या. भोर तालुक्यात निगडे-अनंतनगरला राजगड सहकारी साखर कारखाना आहे. खालच्या अंगाला सोमेश्वर, पलीकडे साताऱ्याच्या हद्दीत भुईंज. हिवाळाभर ऊस कुठल्या ना कुठल्या गव्हाणीकडे चाललेला असतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे एक नाही, दोन ट्रॉल्या असतात. एका ट्रॉलीत दहा टनांच्या आसपास ऊस धरा, ट्रॉलीचं स्वतःचं वजन दोन टन धरा. चार चाकांवर बारा टन, म्हणजे प्रत्येकी तीन. वर सांगितलेला 3000 किलोचा आकडा इथे पुन्हा भेटतो, पण तो कंपनीतून नव्या निघालेल्या, पूर्ण हवेच्या टायरसाठी दिलेला आकडा होता. इथे तोच बोजा त्या उतरंडीच्या तळाशी आलेल्या, तारा दिसू लागलेल्या, कधी फुगा आलेल्या टायरवर आहे. तरी तो टिकतो, याचं कारण वेग. ताशी वीस-पंचवीसला टायर तापत नाही आणि त्याला बरंच माफ होतं. या माफीवरच सगळा हंगाम चाललेला असतो. उसाने भरलेली जोड ट्रॉली उतारावर चाळीसला गेली की ती माफी संपते.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचा चालता ब्रेक नसतो. ट्रॅक्टरने ब्रेक मारला की मागचे चोवीस टन त्याला पुढे ढकलतात. ट्रॅक्टर किंचित वळलेला असला तर ट्रॉली पिनेभोवती फिरून त्याला आडवा घालते. चढावर याच्या उलट होतं. मागचं ओझं ड्रॉबारला खाली ओढतं, ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं आणि पुढची चाकं जमिनीवरून सुटतात. रस्त्याकडेला उभे राहून पाहणाऱ्यांना त्यात शौर्य दिसतं. कारखान्याच्या रस्त्यावर पुढची चाकं हवेत ठेवून ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची चित्रफीत मोबाइलवर फिरते तेव्हा लोक वाहवा करतात. ज्या क्षणी पुढची चाकं हवेत असतात त्या क्षणी स्टेअरिंगला काही अर्थ नसतो, एवढं त्या चित्रफितीत कोणी लिहीत नाही.

ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांचा हिशेबही ओढकामात बदलतो. शेतात 12 ते 16 पौंड हवेवर चालणारा मागचा टायर तसाच डांबरावर ओढायला लावला तर भिंती लचकतात आणि उंच गोट्या भराभर झिजतात. वाहतुकीसाठी हवा वाढवावी लागते, किती ते टायरच्या माप-वजनाच्या तक्त्यात दिलेलं असतं. चाक घसरू नये म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, पुढे लोखंडी वजनं लावतात. हे जाणकार करतात आणि ते योग्यच आहे, फक्त पुढची वजनं मागच्या पाण्याइतक्या आठवणीने लावली तर नाक उचलण्याचा प्रकार बराच कमी होईल.

बैलगाडीचं चाक याच गोष्टीचं धाकटं रूप. बीड-नगरकडून आलेली जोडपी, ज्यांना एक कोयता म्हणून मोजलं जातं, त्यांतली अनेक टायरगाडीवर ऊस वाहतात. जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी म्हणून वेगळे टायर बनतात, 6.00-19, 7.00-19, 8.00-19 अशा मापांचे. लाकडी चाकाच्या मानाने ते बैलाच्या मानेवरचा ताण पुष्कळ हलका करतात, पण हवा धड असेल तरच. हवा कमी असलेलं चाक ओढायला जड जातं. ट्रकमध्ये तो भुर्दंड डिझेलच्या बिलात दिसतो, गाडीत तो बैल सोसतो आणि त्याचं बिल कोणी करत नाही.

असं का होतं, याचं उत्तर चालकाच्या निष्काळजीपणात शोधणं सोपं आहे आणि चुकीचंही. वाहतूकदार हंगामाआधी कारखान्याकडून उचल घेतो, ती मुकादमाकडे जाते, टोळी येते किंवा येत नाही. ट्रॅक्टरचा हप्ता चालू असतो. पैसे मिळतात ते टनावर, म्हणून ट्रॉली जितकी जास्त भरेल तितकी बरी. या हिशेबात ट्रॅक्टर हा मालमत्ता असतो, त्याच्यावर कर्ज असतं, विमा असतो, तो बंद पडला तर हंगाम बुडतो. ट्रॉली गावातल्या वेल्डिंगवाल्याने बनवलेली असते आणि ती बंद पडली तर दुसरी जोडता येते. पैसा इंजिनाकडे जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा ट्रॅक्टरच्या टायरवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 वर आला. ट्रकच्या टायरवरचा 28 वरून 18 वर. ट्रॉलीला लागतो तो ट्रकच्या मापाचा टायर, म्हणून नवा घ्यायचा तर कर 18 टक्के. शेतकऱ्याच्या सोयीसाठी केलेल्या बदलातही ट्रॉली मागेच राहिली.

टायर बनवण्यात महाराष्ट्र मागे नाही. भांडुप आणि नाशिकला सीएट आहे, चाकणला ब्रिजस्टोन, वाळूजला गुडइयर. खाचखळग्यांच्या रस्त्यांसाठीचे, खाणीसाठीचे, शेतीसाठीचे टायर इथेच बनून जगभर जातात. ज्या चाकावर सर्वाधिक टन जातात त्याला मात्र कोणत्या कंपनीचा टायर आहे हे मालकालाही सांगता येत नाही, कारण अक्षरं झिजलेली असतात.

चांगला टायर सगळं सावरतो असंही नाही. मार्गासनीची गाडी पुण्याला जाताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडते आणि नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री या उतारावर एका ट्रकने पुढच्या अनेक गाड्यांना ठोकलं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडल्याचं तेव्हा पोलिसांकडून सांगितलं गेलं. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून लागेनासे होतात. तिथे टायर कितीही नवा असो, तो फिरतच राहतो. पुढे या उतारावर जड वाहनांसाठी वेगमर्यादा खाली आणली गेली. वरंधा घाटात पावसाळ्यात जड वाहनं बंद करतात ती दरडींमुळे, पण भोरकडून महाडला उतरणाऱ्या भरलेल्या गाडीला ज्या गिअरमध्ये चढता येतं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम बाराही महिने लागू आहे.

मग या हिवाळ्यात ज्याला दोनच नवे टायर परवडतात, त्याने ते कुठे लावावेत? ट्रक एकटा असेल तर पुढे, यात वाद नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर माझं मत मालकांना आवडणार नाही: ट्रॅक्टरचे मागचे आणखी एक हंगाम ओढू द्या, आणि पहिल्या ट्रॉलीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला नवी जोडी घाला. वळणाचा, खड्ड्याचा आणि मागच्या ट्रॉलीच्या हिसक्याचा मार तिथे पडतो आणि तो टायर बसला तर दोन्ही ट्रॉल्या त्याच्यामागे जातात. नवे शक्य नसतील तर जुनेच घ्या, पण चौकटीतले चार आकडे पाहून, भिंतीत फुगा नाही याची खात्री करून, आणि चारही एकाच उंचीचे. दोन भिन्न उंचीचे टायर एका अ‍ॅक्सलवर घातले तर ट्रॉली एकीकडे झुकते आणि ओझं सारखं वाटलं जात नाही.

आणि ट्रॉलीला एक स्टेपनी ठेवा. ती जवळपास कुणाकडेच नसते. रात्री ट्रॉलीचा टायर बसला की ट्रॅक्टर सोडवून टायरसकट पंक्चरच्या दुकानाकडे जातो आणि दहा टन उसाची ट्रॉली अर्ध्या रस्त्यात, जॅक आणि दगडांच्या आधारावर, अंधारात उभी राहते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, खूण म्हणून झाडाची एक फांदी. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती फांदी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. परिवहन खातं आणि कारखाने दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवण्याची मोहीम काढतात, तशीच कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीचा टायर तपासायची मोहीम काढायला काय हरकत आहे? प्रत्येक ट्रॉली तिथे थांबतेच. वजन करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मीटर चारही चाकांना लावून होतो.